ऑर्किडची पानं लोळलीत, पाणी वाढवू की बंद करू? (नाशिक)

मृण्मयी_इंदिरानगर

नमस्कार मंडळी. जूनमध्ये आमच्या वास्तुशांतीला नवऱ्याच्या ऑफिसवाल्यांनी एक ऑर्किड दिलं, जांभळ्या फुलांचं, रुंद जाड पानांचं, मोबाईलवर फोटो टाकून बघितलं तर फॅलेनॉप्सिस नाव आलं. फुलं पार गणपतीपर्यंत टिकली, घरी येणारा प्रत्येक जण हात लावून बघायचा की प्लास्टिकची आहेत का. आता फुलं गळून नुसती हिरवी दांडी उरलीये आणि खालची दोन पानं मऊ पडून कुंडीच्या काठावरून लोळतायत, सुरकुत्या आल्यात, एक तर पिवळंही व्हायला लागलंय.

सासूबाईंचं म्हणणं तहानलंय बिचारं, त्या सकाळी तुळशीला पाणी घालताना यालाही अर्धा तांब्या घालतात. बहीण म्हणते पाणी पूर्ण बंद कर. शेजारच्या काकूंनी तर निकालच लावला, नाशकात ऑर्किड होत नाही, ते कोकणातच होतं म्हणे. आता कोणाचं ऐकू?

माहिती देते : आत पारदर्शक प्लास्टिकची कुंडी आहे, ती बाहेरच्या पांढऱ्या सिरॅमिकच्या कुंडीत बसवलीये. माती नाहीच, वाळलेल्या शेवाळासारखं काहीतरी गच्च भरलंय. हॉलच्या पश्चिमेच्या खिडकीत ठेवलंय, तीननंतर ऊन येतं. वरून राखाडी मुळं बाहेर आलीत, ती कापायची का? दांडी कापायची का? चांगल्या लाल मातीत लावू का? आणि परत फुलं येतात का, की एकदा फुललं की संपलं असं असतं?

गच्चीवरचा_माळी

ताई सगळ्यात आधी मातीत लावू नका, मुळं कापू नका, आणि सासूबाईंना आजपुरतं थांबवा :)

तुमचं झाड बहुतेक पाण्यातच उभं आहे. बाहेरच्या सिरॅमिक कुंडीला खाली भोक आहे का बघा, नसणारच. आतली कुंडी उचला, तळाला पाणी साचलेलं दिसेल आणि वास येईल. आता गंमत अशी की पाणी कमी पडलं तरी पानं लोळतात आणि पाणी जास्त झालं तरी अशीच लोळतात, कारण जास्त पाण्यात मुळं कुजली की वर पाणी चढवायला कोणी उरतच नाही, मग पानं सुरकुततात, ती बघून माणूस आणखी पाणी घालतो आणि उरलेली मुळंही जातात. भेट आलेली बहुतेक ऑर्किडं अशीच जातात, आणि नाव मात्र नाशिकच्या हवेचं होतं.

हे झाड जंगलात मातीत वाढतच नाही. फॅलेनॉप्सिस मूळचं आग्नेय आशियाकडचं, फिलिपिन्स, इंडोनेशिया त्या बाजूचं, आणि तिथे ते झाडाच्या खोडाला मुळांनी धरून बसतं. पाऊस पडला की मुळं भिजतात आणि थोड्या वेळात वाऱ्याने सुकतात. त्या मुळांवर एक पांढरट स्पंजी थर असतो, त्याला व्हेलामेन म्हणतात, तो पाणी झटकन ओढून घेतो. म्हणून बाहेर आलेली राखाडी मुळं हा रोग नाही, तो त्या झाडाचा स्वभाव आहे. त्यांच्यावर थोडं पाणी शिंपडून बघा, डोळ्यांदेखत हिरवी होतील. हीच तुमची पाणी घालायची खूण. पारदर्शक कुंडीतून आतली मुळं हिरवी दिसतायत तोपर्यंत पाणी नाही, चंदेरी राखाडी झाली आणि कुंडी उचलल्यावर हलकी लागली की पाणी. वार ठरवून घालू नका.

आज एवढं करा. आतली कुंडी बाहेर काढून बाजूने हलकेच दाबा आणि झाड मोकळं करा. मॉस (ते शेवाळ) कोमट पाण्यात भिजवून सावकाश काढा, ओढू नका. मधोमध मुळांच्या गाभ्यात बऱ्याचदा स्पंजचा किंवा मॉसचा एक आवळून बसवलेला बोळा असतो, छोटं रोप असतानाचा, तो कोणी काढत नाही आणि कूज तिथूनच सुरू होते, तो नक्की शोधा. मग एकेक मूळ बोटांच्या चिमटीत दाबून बघा. टणक लागलं तर रंग कसाही असो, चांगलं. दाबल्यावर साल निसटून हातात येते आणि आत नुसता दोरा उरतो ते मेलेलं, ते कापायचं. कात्री गॅसवर तापवून घ्या किंवा स्पिरिटने पुसा. किती चांगली मुळं उरली ते इथे सांगा, पुढचं त्यावर ठरेल.

सातपूरचा_संज्या

माळीदादांशी सहमत, फक्त मॉसला एवढी नावं ठेवू नका राव. माझी सगळी फॅलेनॉप्सिस मॉसमध्येच आहेत आणि मस्त आहेत. नाशिकचा एप्रिल आठवा, पारा चाळीसला टेकतो आणि हवा एवढी कोरडी की दोरीवरचं धुणं तासात वाळतं, तिथे बार्कमध्ये (झाडाच्या सालीच्या तुकड्यांत) लावलेलं झाड दोन दिवसांत कोरडं ठणठणीत होतं. मॉस सैल भरलं आणि पूर्ण सुकत आल्यावरच पाणी दिलं तर काही होत नाही. दोष मॉसचा नाही, ते ठेचून भरतात त्याचा आहे.

आणि एक सोपी आयडिया सांगतो, आठवड्याला बर्फाचे तीन खडे ठेवायचे, बास. परदेशात सगळे तेच करतात.

गच्चीवरचा_माळी

@सातपूरचा_संज्या मॉसचं पटलं. ज्याचा हात पाण्याला सैल त्याने बार्क वापरावं आणि जो पाणी द्यायला विसरतो त्याने मॉस, हा माझा हिशोब. या घरात रोज अर्धा तांब्या पडतोय म्हटल्यावर बार्कच बरं.

बर्फाचं म्हणाल तर ओहायो आणि जॉर्जियातल्या विद्यापीठांनी त्याचा प्रयोग केलाय आणि बार्कमधल्या फॅलेनॉप्सिसना बर्फाने अपाय दिसला नाही हे खरं आहे. पण त्यात जादू गारव्याची नाही, मापाची आहे, माणूस बेताने पाणी घालतो एवढंच. ती झाडं बंद घरातली, बेताच्या तापमानातली. आपल्याकडे मे महिन्यात तीन खड्यांनी बार्कचा वरचा थरसुद्धा भिजायचा नाही. त्यापेक्षा सकाळी कुंडी बादलीत दहा मिनिटं बुडवा, पूर्ण निथळू द्या आणि मग जागेवर ठेवा. सकाळी अशासाठी की पानांच्या बेचक्यात पाणी गेलं तर दिवसभरात सुकतं. मधल्या शेंड्यात रात्रभर पाणी राहिलं तर तो शेंडा कुजतो, आणि या झाडाला एकच शेंडा असतो, तो गेला की वाढ थांबली. पाणी गेलंच तर टिश्यू पेपरचं टोक लावून टिपून घ्या.

मृण्मयी_इंदिरानगर

बापरे. तुम्ही म्हणालात तसंच निघालं सगळं. सिरॅमिकच्या कुंडीत दोन बोटं पाणी होतं आणि वास तर विचारू नका, सासूबाई स्वतः म्हणाल्या की हे टाकून दे आधी. मधला बोळापण सापडला, काळा पडला होता. तपकिरी मुळं बरीच होती, सगळी कापली. आता तीन मुळं चांगली टणक आहेत, त्यातलं एक लांब, आणि वर बाहेर आलेली दोन आहेत ती पण टणकच. झाड सध्या पेपरवर आडवं ठेवलंय, पुढे काय? घरात कोकोपीट आहे थोडं, ते चालेल का? दांडी अजून हिरवी आहे.

गच्चीवरचा_माळी

पाच मुळं म्हणजे चांगलं आहे हो, याहून वाईट अवस्थेतून झाडं वर येतात. कोकोपीट अजिबात नको, ते मातीपेक्षाही जास्त पाणी धरून बसतं. हवा खेळेल असं काहीतरी हवं. पाइन बार्क ऑनलाइन मिळतं, गंगापूर रोडच्या नर्सऱ्यांमध्येही विचारा. नाही मिळालं तर लाकडी कोळसा आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे, दोन्ही बोराएवढे करून. कोळसा म्हणजे इस्त्रीवाल्याकडचा लोणारी, दगडी कोळसा नव्हे. धुऊन काळी पूड काढून टाका. सोडणात मीठ असतं, ते रात्रभर भिजवून पाणी फेकायचं, असं दोनतीनदा करा.

कापलेल्या जागा सुकायला झाड उद्या सकाळपर्यंत तसंच सावलीत उघडं राहू द्या, घाबरू नका, काही होत नाही. मग त्याच पारदर्शक कुंडीला बाजूनेही तापलेल्या सळईने भोकं पाडा आणि तीत लावा. कुंडी मोठी घेऊ नका, मुळं जेमतेम मावतील एवढीच. पानांचा बुडखा मिश्रणाच्या वर राहिला पाहिजे, पुरायचा नाही. झाड डुलत असेल तर काडीला बांधा, हललं की नवीन मुळाचं टोक घासून खराब होतं. लावल्यावर दोनतीन दिवस पाणी नाही, पानांवर सकाळी हलका फवारा तेवढा चालेल. लोळलेली पानं परत ताठ होतीलच असं नाही, त्यांच्याकडे बघून ठरवू नका, नवीन येणारं पान ताठ आहे का आणि मुळांना हिरवं ओलसर टोक फुटलं का ते बघा. पिवळं पान ओढून काढू नका, आपोआप सुटेल.

दांडी बुडापासून कापा. एरवी झाड दणकट असतं तर खालून दुसऱ्या पेराच्या वर कापा म्हटलं असतं, तिथून नवा फाटा फुटून परत फुलं येतात. आत्ता पाच मुळांवर झाडाने स्वतः जगायचं की फुलं पोसायची? जीव हळहळतो पण कापा.

आणि पश्चिमेची खिडकी बदला. पूर्वेची बाल्कनी असेल तर उत्तम, नसेल तर पडदा लावा. हात पानांपासून वीतभर वर धरा, फिकट कडांची सावली पडली तर उजेड बरोबर, सावली काळीभोर आणि रेखीव पडली तर ऊन जास्त. पानं गडद हिरवी म्हणजे उजेड कमी, पिवळट किंवा लालसर झाक आली म्हणजे जास्त. आपल्याकडे लोकांना गडद हिरवं पान म्हणजे तब्येत वाटते, ऑर्किडमध्ये तसं पान दिसायला छान पण फुलाची आशा कमी.

निफाडकर_बागायतदार

छाटणीच्या गडबडीत आहे म्हणून उशिरा वाचतोय. आमच्या सौभाग्यवतींना ऑर्किडचा नाद आहे, द्राक्षाची औषधं-खतं घरात पडलेलीच असतात त्यामुळे प्रयोग भरपूर झालेत.

ऑर्किडचं वेगळं महागडं खत घ्यायची गरज नाही. कुठल्याही कृषी सेवा केंद्रात १९:१९:१९ विद्राव्य खताची एक किलोची पुडी घ्या, एका झाडाला ती संपता संपणार नाही. पण डोस आमच्यासारखा नाही, लिटरला अर्धा ग्रॅम, त्यापेक्षा जास्त नको. आधी साधं पाणी देऊन मुळं ओली करायची मग खताचं पाणी, आणि महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी भळाभळा धुवायची म्हणजे साचलेले क्षार निघून जातात. मुळांची टोकं काळी पडली की समजा खत जास्त झालं. ताई तुमच्या झाडाला मात्र नवीन मूळ फुटेपर्यंत काहीही देऊ नका, आजारी माणसाला जेवण नको.

पाण्याचं कोणी बोललं नाही अजून. शहरात नळाला गंगापूर धरणाचं पाणी येतं ते चालतं, पण सोसायटीत बोअरचं मिसळत असतील तर लक्ष ठेवा, आपला काळा खडक, बोअरचं पाणी जड. पानांवर आणि कुंडीच्या भोकांशी पांढरा थर दिसला की ओळखायचं. आणि आरओचं वाया जाणारं पाणी बरेच लोक झाडांना घालतात, ते ऑर्किडला मुळीच नको, क्षार काढून काढून त्यातच गोळा झालेले असतात. पावसाचं पाणी दोन कॅन भरून ठेवलं तर त्यासारखं काही नाही.

फुलांबद्दल. काकूंना सांगा की नाशकात ऑर्किड होतं, उलट फॅलेनॉप्सिसला आपली थंडी फायद्याची आहे. द्राक्षाच्या वेलाला जशी फळासाठीची गोडी छाटणी तशी याला गार रात्र, त्याशिवाय ते फुलावर येत नाही. दिवसा अठ्ठावीसच्या वर पारा राहिला की ते नुसती पानं काढत बसतं. रात्री १६ ते १८ डिग्रीपर्यंत उतरल्या आणि असे काही आठवडे मिळाले की दांडी निघते. दसरा-दिवाळीच्या आसपास आपल्याकडे हे आपोआप मिळतं, एसी नको काही नको. मुंबईवाल्यांना याच्यासाठी खटपट करावी लागते.

पण पुढचं ऐका. डिसेंबर-जानेवारीत आमच्या निफाडचा पारा पाच-सहावर जातो, पेपरात फोटो येतात ना शेकोट्यांचे. शहरात तेवढं नाही पण दहाच्या खाली जातंच. हे झाड तेरा-चौदाच्या खाली फार दिवस राहिलं तर पानांवर खड्डे पडल्यासारखे डाग येतात आणि कळ्या गळतात. तेव्हा डिसेंबर लागला की रात्री आत, खिडकीच्या काचेला पान टेकू द्यायचं नाही.

सातपूरचा_संज्या

दादा, मग तुमचं ते जीए (जिबरेलिक ॲसिड, वाढीचं संप्रेरक) मारलं तर दांडी लवकर नाही का येणार? द्राक्षाला मारताच की तुम्ही.

निफाडकर_बागायतदार

नका रे बाबा. द्राक्षाच्या घडासाठी आहे ते, मापात चुकलं तर द्राक्षाचंही वाटोळं होतं. ऑर्किडला मारलं तर फुलं वेडीवाकडी येतात. थंडी फुकट मिळतेय ती घ्या.

अनघा_गंगापूररोड

माझ्याकडून एक. केळीच्या सालीचं पाणी आणि अंड्याची टरफलं, तांदळाचं धुवण, हे सगळं मी गुलाबाला घालते, ऑर्किडलाही चालत असेल ना? आणि कुठेतरी वाचलं दालचिनीची पूड मुळांना लावायची म्हणजे बुरशी येत नाही.

गच्चीवरचा_माळी

गुलाबाला घाला की, मातीत जिवाणू असतात ते कुजवून खत करतात. बार्कच्या फटींमध्ये हा काला अडकतो, हवा बंद होते, चिलटं आणि मुंग्या येतात. दालचिनी पान कापलेल्या जागी चिमूटभर लावा, चांगली. मुळांना नको, ती मुळं कोरडी करते, ताईंच्या झाडाला तर ते परवडणारच नाही.

छाया_सिडको

इतका वेळ सगळे फॅलेनॉप्सिसवरच बोलतायत, पण मला विचाराल तर नाशकात पहिलं ऑर्किड घ्यायचं तर डेंड्रोबियम घ्यावं. दुकानात उसाच्या कांड्यांसारखे उभे दांडे असलेलं मिळतं ते, जांभळं-पांढरं, बुकेमध्ये घालतात तीच फुलं. माझी गच्चीत पन्नास टक्के सावलीच्या हिरव्या नेटखाली आहेत, कोळसा आणि विटांचे तुकडे भरलेल्या मातीच्या कुंड्यांमध्ये, बाजूला भोकं असलेल्या कुंड्या कुंभाराला सांगून करून घेतल्या. उजेड याला फॅलेनॉप्सिसपेक्षा बराच जास्त लागतो, सकाळचं नऊ-दहापर्यंतचं ऊन आवडतं. उन्हाळ्यात रोज पाणी, कधी दोनदा, पावसात देवावर सोपवलेलं आणि थंडीत अगदी कमी.

यात लोक एक हमखास करतात, फुलं झाली की जुना दांडा कापतात. कापू नका. पानं गळून बोडका दिसला तरी त्यात अन्न साठवलेलं असतं, त्याच दांड्याच्या टोकाला पुढच्या वर्षी परत फुलं येऊ शकतात. सुरकुतून तपकिरी आणि पोकळ झाला तरच काढायचा. दांड्यावर वरती छोटं रोप फुटलं तर त्याला बोटभर मुळं येईपर्यंत आईपासून तोडायचं नाही.

उन्हाळ्याचं सांगते कारण ताईंनी विचारलं नसलं तरी मार्चमध्ये विचारणारच आहेत. नाशिकच्या उन्हाळ्यात ऑर्किडला ऊन मारत नाही, कोरडी हवा मारते. पसरट ट्रेमध्ये खडी, खडीच्या खाली येईल इतकंच पाणी, त्यावर कुंडी, म्हणजे बूड पाण्यात नाही पण आजूबाजूला ओल राहते. झाडं एकमेकांजवळ ठेवली की अजून बरं. आमच्याकडे कूलर लागतो त्या खोलीत ठेवलं तर हवा दमट मिळते, फक्त कूलरच्या झोताच्या तोंडी नाही ठेवायचं, कळ्या तडतड गळतात. याच दिवसांत पानांच्या खालच्या बाजूला भिंग लावून बघा, बारीक जाळी आणि चंदेरी ठिपके दिसले की लाल कोळी समजा. पान दोन्ही बाजूंनी ओल्या फडक्याने पुसत राहायचं, हवा कोरडी तेवढा तो वाढतो. पावसाळ्यात गोगलगायी. रात्री टॉर्च घेऊन जायचं आणि वेचायच्या, दुसरा उपाय मला सापडला नाही.

निफाडकर_बागायतदार

मिलीबग राहिला छायाताई. पानाच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला की तोच. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून पुसायचं, आठ दिवसांनी परत, कारण अंडी राहतात. बागेत फवारतो ती जहाल औषधं घरात हॉलमध्ये फवारू नका, एवढीशी झाडं आहेत, हाताने काम होतं.

रानवाटा

धागा छान चाललाय. काकूंच्या "नाशकात होत नाही" वर मला बोलायचंच आहे. अहो त्र्यंबक, इगतपुरीकडे मे-जूनमध्ये जा आणि जुन्या आंब्या-जांभळांच्या फांद्यांकडे मान वर करून बघा. सीतेची वेणी नावाचं रानटी ऑर्किड फुललेलं दिसेल, गुलाबी-पांढऱ्या बारीक फुलांचा हातभर लोंबता घोस. हेच आसाम आणि अरुणाचलचं राज्यफूल, आसामात तिला कोपौ फूल म्हणतात आणि बिहूला मुली केसात माळतात. आपल्या मराठीत या सगळ्या ऑर्किड कुळाला आमरी म्हणतात. पावसाळ्यात अंजनेरीच्या पठारावर गेलात तर जमिनीवर उगवणारी पांढरी हबेनारियाही दिसतील, गवतात उभी, लोक त्यांच्यावर पाय देऊन सेल्फी काढतात.

गावाकडे बरेच जण फांदीवरची आमरी बघून बांडगूळ म्हणतात आणि कोयत्याने उतरवतात. बांडगूळ झाडाच्या आत मूळ घालून रस ओढतं. आमरी नुसती सालीला धरून बसते, पाणी पावसाचं आणि खाणं सालीवर साचलेल्या कचऱ्याचं, यजमानाचं काहीच घेत नाही.

हे वाचून कोणी सुटीत जाऊन वेणी उपटून आणू नका म्हणून मुद्दाम लिहितोय. पहिली गोष्ट, ती जगत नाही. सालीला चिकटलेली मुळं सोडवताना तुटतातच आणि आमरीच्या मुळांत बुरशीची सोबत असते ती घरात मिळत नाही. तिचं बी तर धुळीसारखं असतं, आत अंकुराला पुरेल असं अन्नच नाही, योग्य बुरशी भेटली तरच रुजतं, म्हणून एका शेंगेत असंख्य बिया असूनही जंगलात रोपं मोजकीच. दुसरं म्हणजे सगळं ऑर्किड कुळच साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतं आणि संरक्षित जंगलातून काही तोडणं हा गुन्हा आहे. रस्त्यावर टोपलीत मुळा-फांदीसकट विकायला आलेली दिसली तरी घेऊ नका, घेतलं की पुढच्या वर्षी दोन टोपल्या येतात. टिश्यू कल्चरची (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपं नर्सरीत मिळतात, ती घ्या. सिक्कीममध्ये पाक्योंगला केंद्र सरकारची ऑर्किड संशोधन संस्था आहे, कधी तिकडे फिरायला गेलात तर बघून या.

अनघा_गंगापूररोड

वेणीवरून आठवलं, ते तारेच्या बास्केटमध्ये नुसतं लटकवलेलं, खाली लांबच लांब मुळं सोडलेलं निळं ऑर्किड मला फार आवडतं. व्हँडा ना ते? फ्लॅटमध्ये जमेल?

छाया_सिडको

हो व्हँडा. सुंदर आहे पण त्याला रोज पाणी लागतं, उन्हाळ्यात दोनदोनदा मुळं भिजवावी लागतात आणि हवा दमट हवी. चार दिवस माहेरी गेलात की संपलं. तुमच्या रत्नागिरीच्या नणंदेला भेट द्या आणि तिकडे जाऊन बघा. गडद निळं, शाईसारखं फॅलेनॉप्सिस मिळतं बाजारात ते मात्र घेऊ नका, दांडीतून रंग सोडलेला असतो, पुढची फुलं पांढरी येतात.

मृण्मयी_इंदिरानगर

सगळ्यांचे खूप आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. दांडी कापली, सासूबाईंनी ती पाण्यात घालून देवघरात ठेवलीये, असो. झाड कोळसा आणि सोडणात लावलं, बार्क ऑनलाइन मागवलंय पण ते यायला वेळ आहे. इस्त्रीवाल्याने कोळसा फुकट दिला आणि वर विचारलं की ताई शेगडी पेटवताय का. पूर्वेला किचनची छोटी ड्राय बाल्कनी आहे तिथे ठेवलंय, वॉशिंग मशीनवर. निफाडकर दादा, यंदाच्या थंडीत दांडी येईल का मग? आणि नवीन काहीतरी टोक निघालंय एका पानाच्या खालून, ती दांडी आहे की मूळ हे कसं ओळखायचं?

निफाडकर_बागायतदार

यंदा आशा धरू नका, झाडाने मुळं केली तरी खूप. पुढच्या ऑक्टोबरला बघू.

गच्चीवरचा_माळी

टोक गोल, गुळगुळीत आणि चकचकीत हिरवं असेल तर मूळ. चपटं असून एका बाजूला अंगठ्यासारखी छोटी खाच दिसली तर दांडी. मूळ खाली किंवा कुठेही वळतं, दांडी उजेडाकडे वर जाते. आठवडाभर थांबून बघा, आणि दांडीच असली तर आत्ताच नखाने खुडून टाका. वॉशिंग मशीनवरून मात्र हलवा, ड्रायर फिरतो तेव्हा कुंडी थरथरणार आणि आता कुठे धरायला लागलेली मुळं सुटतील.

मृण्मयी_इंदिरानगर

गोल आहे, चकचकीत हिरवं. मशीनवरून काढून खिडकीच्या कठड्यावर ठेवते. सासूबाई विचारतायत की आता पाणी कधी घालायचं.

गच्चीवरचा_माळी

लावून तीन दिवस झाले असतील तर उद्या सकाळी एकदा बुडवून काढा. नंतर मुळं चंदेरी झाली की. त्यांना कुंडी उचलून बघायला शिकवा, रोज सकाळी तुळशीपाशी जातातच त्या.